उलट्या वाटेचा माग काढणारा डॉक्टर

सोनोग्राफीच्या अहवालात ‘चॉकलेट सिस्ट’ असे शब्द वाचून अनेक जणी बुचकळ्यात पडतात. खाण्याच्या पदार्थाचा आणि पोटातल्या गाठीचा संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. संबंध फक्त रंगाचा. बीजांडकोशावर होणाऱ्या या गाठीत जुने रक्त साठून राहते आणि ते वितळलेल्या चॉकलेटसारखे दाट, तपकिरी दिसते. हे रक्त तिथे येते कुठून, हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फारसा विचारला जात नव्हता. गाठ दिसली की काढायची, बरणीत ठेवायची, वहीत नोंद करायची आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे. अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जॉन आल्बर्टसन सॅम्पसन या गाठीपाशी थांबले आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्याच प्रश्नाच्या मागे राहिले.

या आजाराला आज आपण एंडोमेट्रिओसिस म्हणतो. गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. ते दर महिन्याला जाड होते आणि गर्भधारणा झाली नाही तर सुटून पाळीच्या रक्ताबरोबर बाहेर पडते. याच अस्तरासारखी पेशीजाळी काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या बाहेर आढळते. कधी बीजांडकोशावर, कधी गर्भाशयामागच्या खळग्यात, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तिलाही संप्रेरकांचे हुकूम पोचतात. तीही फुगते, तिच्यातूनही रक्त झिरपते. मात्र त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. आजूबाजूला दाह होतो, इंद्रिये एकमेकांना चिकटतात, वेदना सुरू होतात, काहींना मूल होण्यात अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा आजार आहे. पाळीत दुखायचेच, असे म्हणून घराघरांत जे दुखणे झाकून ठेवले जाते, त्यातले किती याचे असेल, याचा विचार केलेला बरा.

सॅम्पसन यांचा जन्म १८७३ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराजवळचा. हडसन नदीच्या काठचे हे गाव. समुद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक आत असूनही हडसनला ट्रॉयपर्यंत भरती-ओहोटी जाणवते. कोकणातल्या खाड्यांप्रमाणे भरतीच्या वेळी पाणी उलटे वर चढते. तिथल्या मूळ रहिवाशांनी या नदीला दोन्ही दिशांनी वाहणारी नदी असेच नाव दिले होते. या योगायोगावरून काही सिद्ध होत नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर शरीरातले उलटे प्रवाह शोधले तो अशा नदीकाठी वाढला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

विल्यम्स कॉलेजमधून पदवी घेतल्यावर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले आणि १८९९ मध्ये डॉक्टर झाले. हे विद्यालय तेव्हा अगदी नवे होते. १८९३ साली ते सुरू झाले तेच स्त्रियांनी गोळा केलेल्या देणगीतून, आणि मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश मिळाला पाहिजे या त्यांच्या हट्टासह. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण प्रयोगशाळेच्या पायावर उभे करण्याचे श्रेय याच संस्थेला दिले जाते. स्त्रीरोग विभागाचे प्रमुख होते हॉवर्ड केली. शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, अशी त्यांच्या विभागाची शिस्त होती. शल्यविशारदाने स्वतःच काचपट्टी पाहायची, ही सवय सॅम्पसन यांना तिथे लागली ती कायमची. पुढे त्यांनी जे शोधले ते चाकू हातात असलेल्याच माणसाने सूक्ष्मदर्शकातूनही पाहिल्यामुळे सापडले. ही दोन कामे दोन वेगळ्या माणसांकडे गेली असती, तर मधला दुवा कदाचित सुटलाच असता.

त्यांचे सुरुवातीचे संशोधन एंडोमेट्रिओसिसवर नव्हते. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मूत्रवाहिन्या हा त्यांचा विषय होता. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाकडून येणाऱ्या या नाजूक नळ्यांना इजा झाली की रुग्ण दगावत असे, म्हणून त्यांचा रक्तपुरवठा आणि त्यांची वाट यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यातूनच १९०३ साली त्यांचा एक लेख आला. मूत्राशयातले मूत्र उलटे मूत्रवाहिनीत चढले, तर त्याबरोबर जंतूही वर जाऊन मूत्रपिंडाला संसर्ग होऊ शकतो, असे त्यात मांडले होते. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ न जाता तिरकी जाते. मूत्राशय भरला की भिंतीच्या दाबाने तिचे तोंड आपोआप मिटते. ही झडप बिघडली की उलटा प्रवाह सुरू होतो. आज लहान मुलांना वारंवार मूत्रसंसर्ग होऊ लागला की बालरोगतज्ज्ञ नेमके हेच तपासतात. सॅम्पसन तेव्हा तिशीचे होते.

१९०५ मध्ये ते ऑल्बनीला आले, जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. हे न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीचे शहर असले, तरी वैद्यकाच्या नकाशावर बाल्टिमोर किंवा बॉस्टनच्या तुलनेत बाजूलाच होते. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १९११ साली ते स्त्रीरोग विषयाचे प्राध्यापक झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले. मोठ्या शहरात न जाता, हाताशी आलेले रुग्ण आणि काढलेले नमुने यांवरच त्यांनी काम केले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयांच्या रक्तवाहिन्यांत रंगीत आणि क्ष-किरणांत दिसणारी मिश्रणे भरून त्यांच्या प्रतिमा घ्यायच्या, हे त्यांचे आवडते तंत्र. फायब्रॉइडच्या गाठींना रक्त कसे मिळते, हे त्यांनी १९१२-१३ च्या सुमारास या पद्धतीने दाखवले. गर्भाशयाच्या गोल बंधाबरोबर जाणारी एक छोटी रोहिणी आजही शल्यविशारद ‘सॅम्पसनची रोहिणी’ म्हणून ओळखतात, आणि गर्भाशय काढताना ती आठवणीने बांधतात.

१९१८ साली त्यांनी याच तंत्राने वेगळाच प्रश्न विचारला. गर्भाशयाच्या पोकळीत काही पदार्थ सोडला, तर तो खालच्या नैसर्गिक वाटेने न जाता आणखी कुठे जाऊ शकतो का? जाऊ शकतो, असे त्यांना दिसले. तो गर्भाशयाच्या भिंतीतल्या शिरांमध्ये शिरतो. इथेही प्रवाह नेहमीच्या वाटेने नव्हता. एंडोमेट्रिओसिसची किल्ली त्यांच्या हाती अशी आधीच येत होती. कुलूप कुठले, ते अजून ठरायचे होते.

त्या काळी या आजाराबद्दल काहीच माहीत नव्हते असे नाही. व्हिएन्नाचे रोगविज्ञ कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती भलत्या जागी असलेल्या गाठींचे वर्णन केले होते. सॅम्पसन डॉक्टर झाले त्याच वर्षी, १८९९ मध्ये, हॉपकिन्समधल्याच विल्यम रसेल यांना एका बीजांडकोशात हुबेहूब गर्भाशयाचे अस्तर दिसले. तिथलेच टॉमस कलन यांनी अशा गाठींवर ग्रंथ लिहिला आणि त्या ओटीपोटात कुठेकुठे होतात याचा जणू नकाशाच तयार केला. पण या मंडळींचा कल जन्मपूर्व कारणांकडे होता. गर्भ घडत असताना काही पेशी चुकीच्या जागी मागे राहिल्या असतील आणि मोठेपणी वाढल्या असतील, असे समजले जाई. हे उत्तर सोयीचे होते. जे दिसते ते जन्मापासूनच होते म्हटले, की पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही.

सॅम्पसन यांनी १९२१ साली शल्यविज्ञानाच्या एका नियतकालिकात जवळजवळ ८० पानांचा लेख प्रसिद्ध केला. विषय होता फुटणाऱ्या चॉकलेट गाठींचा. पोट उघडल्यावर त्यांना पुन्हापुन्हा एकच चित्र दिसत होते. बीजांडकोशावरची गाठ शेजारच्या भागाला घट्ट चिकटलेली असे. ती सोडवताना फुटे आणि तपकिरी द्रव बाहेर येई. नीट पाहिले तर ती आधीही कधीतरी फुटून पुन्हा मिटल्याच्या खुणा असत. आणि गाठीच्या आसपास, विशेषतः गर्भाशयाच्या मागे, ओटीपोटाच्या सर्वांत खोल खळग्यात, लहान लहान डाग पडलेले असत. त्या डागांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की गर्भाशयाचे अस्तर दिसे. गाठीच्या आतल्या भिंतीवरही तेच.

इथे त्यांचा कर्करोगाचा अनुभव कामी आला. बीजांडकोशाचा कर्करोग फुटला की त्याच्या पेशी पोटात सांडतात आणि जिथे पडतात तिथे रुजतात. डागांची मांडणी तशीच होती. द्रव जिथे ओघळेल, गुरुत्वाने जिथे साचेल, तिथेच ते सर्वाधिक होते. जन्मापासून मागे राहिलेल्या पेशींनी असा उताराचा नियम का पाळावा? म्हणजे काहीतरी सांडले होते आणि सांडलेले रुजले होते, फरक इतकाच की ते कर्करोगाचे बी नव्हते. कर्करोग नसलेल्या पेशीही अशा रुजू शकतात, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती.

पण उत्तर अर्धेच मिळाले होते. डाग गाठीतून आले असे मानले, तरी गाठ कुठून आली? शिवाय काही स्त्रियांमध्ये डाग होते आणि गाठ नव्हतीच. पुढच्या सहा वर्षांत सॅम्पसन या प्रश्नाच्या मुळाशी गेले. पाळीच्या दिवसांत केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये गर्भनलिकांच्या पोटाकडल्या तोंडातून रक्त झिरपताना दिसत होते. नलिकांचे छेद घेतले तर पोकळीत गर्भाशयाच्या अस्तराचे सुटलेले कण सापडत. पाळीचे रक्त सगळेच खाली जात नाही. थोडे नलिकांमधून उलटे पोटात जाते आणि बरोबर अस्तराचे जिवंत तुकडे नेते. ते तुकडे बीजांडकोशावर, पोटाच्या आतल्या आवरणावर पडतात आणि धरतात. हा सिद्धांत पूर्ण रूपात १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नाव त्यांनी याच काळात, १९२५ च्या आसपास रूढ केले. त्याआधी हाच आजार निरनिराळ्या गाठींच्या नावांत विखुरलेला होता. आजाराला एक नाव मिळाल्याने बरे होत नाही, पण नावाशिवाय तो मोजताही येत नाही आणि शिकवताही येत नाही.

पुराव्यासाठी त्यांनी आणखी एक जागा शोधली, ती म्हणजे टाक्यांचे व्रण. गर्भाशय उघडणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या व्रणात कधीकधी गाठ होते. ती पाळीच्या दिवसांत दुखते, सुजते, आणि तिच्यात गर्भाशयाचे अस्तर सापडते. सिझेरियननंतर अशी गाठ झालेल्या रुग्ण आजही सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून दिसतात. पोटाच्या कातडीखाली गर्भाच्या वाढीच्या वेळचे अस्तर मागे राहिले असण्याची शक्यता नाही. शल्यविशारदाच्या हातानेच ते तिथे पोचले आणि रुजले. कुणी ठरवून करणार नाही असा प्रयोग नकळत झाला होता, आणि सॅम्पसन यांनी तो वाचला. १९२७ सालच्याच दुसऱ्या एका लेखात त्यांनी पाळी चालू असलेल्या गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरलेले अस्तराचे तुकडे दाखवले. ओटीपोटापासून दूरच्या अवयवांत हा आजार कसा पोचत असेल, याचे ते संभाव्य स्पष्टीकरण होते. १९१८ चे जुने काम असे नऊ वर्षांनी उपयोगी पडले.

पाठ्यपुस्तकांत सॅम्पसन म्हणजे उलट्या पाळीचा सिद्धांत, एवढेच उरते. त्यांच्यावर हा थोडा अन्याय आहे. त्यांनी स्वतः या आजाराचे पाच प्रकार मांडले होते. गर्भाशयाच्या स्नायूत थेट घुसणारा, पोटात सांडून रुजणारा, शस्त्रक्रियेने हललेला, रक्तातून दूर गेलेला आणि जन्मतःच चुकीच्या जागी असलेला. म्हणजे ज्या मताविरुद्ध ते उभे राहिले, त्यालाही त्यांनी यादीत जागा ठेवली होती. एकाच कारणात सगळे कोंबण्याची घाई त्यांच्या अनुयायांनी केली, त्यांनी नाही.

विरोध जोरदार झाला, आणि तो विद्वानांकडून झाला. बर्लिनचे रोबर्ट मायर हे स्त्रीरोगविज्ञानातले त्या काळचे मोठे नाव. पोटाचे आतले आवरण आणि गर्भाशयाचे अस्तर गर्भावस्थेत एकाच थरापासून तयार होतात. त्यामुळे दाहासारख्या कारणाने आवरणाच्या पेशीच रूप पालटून अस्तर बनत असाव्यात, असे त्यांचे मत होते. व्हिएन्नाचे योझेफ हाल्बान यांनी १९२४ मध्ये लसवाहिन्यांचा मार्ग पुढे केला. हॉपकिन्सचेच एमिल नोव्हाक यांचा आक्षेप सर्वांत टोकदार होता. पाळीत सुटलेले अस्तर मृत असते, शरीराने टाकून दिलेले असते. ते पोटात पोचले तरी रुजणार कसे? मेलेले बी पेरून पीक येत नाही.

या आक्षेपाला सॅम्पसन यांनी बगल दिली नाही. सशाच्या गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच पोटात लावले तर ते जगते, असे व्हिक्टर जेकबसन यांनी १९२२ मध्ये दाखवले होते. पण ते अस्तर कापून घेतलेले होते, पाळीत सुटलेले नव्हते, आणि सशाला पाळी येतही नाही. हा फरक खरा होता. १९४० मध्ये, सत्तरीकडे झुकलेल्या सॅम्पसन यांनी आपल्या सिद्धांताचा प्रवास सांगणारा लेख लिहिला, आणि त्यात स्वतःच्या सिद्धांताच्या मृत्यूची अट स्वतःच घालून ठेवली. पोटात जाणारे कण नेहमीच मृत असतील, तर हा सिद्धांत पुरून विसरून जावा. मात्र त्यांतले काही कधीमधी जरी जिवंत असतील, तर सिद्धांतही जिवंत आहे, असा त्याचा आशय होता. आपण कशाने चूक ठरू हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे संशोधक कमी असतात. वैद्यकात तर फारच कमी.

त्याच सुमारास या आजाराच्या कारणाबद्दल आणखी एक मत अमेरिकेत जोर धरत होते, आणि त्याचे परिणाम आजही भोगावे लागतात. बॉस्टनचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ जो मेग्ज यांनी १९४० च्या दशकात असे मांडले, की उशिरा लग्न आणि उशिरा मातृत्व यांमुळे एंडोमेट्रिओसिस वाढतो आहे, म्हणून मुलींनी लवकर लग्न करावे, लवकर मुले होऊ द्यावीत. खासगी दवाखान्यांतल्या सुखवस्तू रुग्णांमध्ये आजार जास्त दिसतो, हा त्यांचा आधार. गरीब स्त्रीच्या पोटदुखीसाठी पोट उघडून पाहिले जात नव्हते आणि पोट उघडल्याशिवाय तेव्हा हा आजार कळत नव्हता, ही साधी गोष्ट नजरेआड झाली. पुढे हा नोकरदार बायकांचा आजार म्हणून ओळखला जाऊ लागला. कारण शोधण्याच्या जागी दोष शोधला की असे होते. सतरा वर्षांच्या मुलीला वेदनेसाठी डॉक्टरकडे नेण्याऐवजी लग्न झाले की बरे वाटेल म्हणून घरी बसवणाऱ्या आपल्याकडच्या सल्ल्याचेही हेच कूळ. सॅम्पसन यांच्या सिद्धांतात स्त्रीच्या वागण्याचा संबंध नव्हता. पाळी, नलिका, रक्ताची दिशा आणि पेशींचे रुजणे, एवढ्यावरच तो उभा होता.

याचा अर्थ त्यांचे लेखन रुग्णांविषयी विशेष हळवे होते असा नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांच्या लेखांतली स्त्री म्हणजे वय, बाळंतपणे, लक्षणे, शस्त्रक्रिया आणि काचपट्टी. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले की उरलेले डाग सुकतात, हे तेव्हाच्या डॉक्टरांना कळले होते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मात्र १९२९ साली पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळे केले गेले. तोवर शस्त्रक्रिया हाच उपचार होता, आणि तरुण वयात पाळी कायमची बंद होणे ही त्याची किंमत. प्रतिजैविके नव्हती, दुर्बिणीतून पोटात पाहण्याची सोय नव्हती. इतक्या स्त्रियांची पोटे उघडली गेली म्हणूनच सॅम्पसन यांना इतके दिसू शकले, हेही खरे.

१९२५ सालचे त्यांचे आणखी एक काम आजही रोज वापरात आहे. एंडोमेट्रिओसिसच्या ऊतीतून क्वचित बीजांडकोशाचा कर्करोग सुरू होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले आणि तसे म्हणण्यासाठी कडक अटी घातल्या. त्याच बीजांडकोशात दोन्ही ऊती शेजारी शेजारी हव्यात, कर्करोग त्या ऊतीतूनच निघालेला हवा, दुसरीकडून पसरलेला नसावा. रोगविज्ञ आजही या निकषांना सॅम्पसनचेच नाव देतात. असा कर्करोग विरळा आहे; चॉकलेट सिस्ट म्हणजे कर्करोग अशी धास्ती घेण्याचे कारण नाही.

त्यांचा एक शेवटचा लेख १९४५ सालचा आहे. गर्भनलिका काढल्यानंतर पोटाच्या व्रणात होणाऱ्या एंडोमेट्रिओसिसवर. बाहत्तरीतही ते व्रणच तपासत होते. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि नोव्हाक यांच्या प्रश्नाचे पक्के उत्तर त्यांना पाहायला मिळाले नाही.

उत्तर चारच वर्षांनी आले, आणि तेही बाल्टिमोरहून. टी लिंड आणि स्कॉट यांनी माकडिणींवर प्रयोग केला. माकडिणीला माणसासारखी पाळी येते. त्यांनी शस्त्रक्रियेने गर्भाशयाची दिशा अशी फिरवली, की पाळीचे रक्त पोटातच पडावे. काही काळाने त्यांतल्या काही माकडिणींच्या पोटात एंडोमेट्रिओसिस तयार झाला. पाठोपाठ पाळीत सुटलेल्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवण्यात आल्या. सगळेच कण मृत नसतात, एवढे नक्की झाले. सॅम्पसन यांनी घातलेली अट पूर्ण झाली होती.

मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने नवाच पेच टाकला. पाळीच्या दिवसांत दुर्बिणीने तपासले असता, नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पोटातल्या द्रवात रक्त सापडले, आजार असो वा नसो. म्हणजे उलटा प्रवाह हा अपवाद नसून जवळजवळ नियमच आहे. मग दहातल्या एकीलाच आजार का? सॅम्पसन यांनी वाट दाखवली. त्या वाटेने गेलेले बी काहींच्याच पोटात का धरते, हे त्या सिद्धांतातून कळत नाही. पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्ये, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दीर्घकाळ इस्ट्रोजेन घेतलेल्या मोजक्या पुरुषांमध्येही हा आजार सापडला आहे. त्यांचे स्पष्टीकरण उलट्या पाळीने होत नाही. तिथे मायर यांच्या रूपांतराच्या कल्पनेला किंवा जन्मपूर्व कारणाला जागा द्यावी लागते.

गेल्या काही वर्षांत कामाला वेग आला आहे. २०१८ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की एंडोमेट्रिओसिसच्या पेशींमध्ये दिसणारे काही जनुकीय बदल गर्भाशयाच्या निरोगी अस्तराच्या पेशींतही असतात. दोन्हींचे मूळ एक असल्याच्या सॅम्पसन यांच्या म्हणण्याला शंभर वर्षांनी मिळालेला हा जनुकीय दुजोराच. २०२३ मध्ये ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या माहितीवरून जनुकसंचातल्या ४२ जागा या आजाराशी निगडित असल्याचे आढळले. त्यांतल्या काही अर्धशिशी आणि पाठदुखीसारख्या जुनाट वेदनांशीही नाते सांगतात. या बायकांना सगळीकडेच कसे दुखते, असे उपहासाने म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. त्याच वर्षी जपानमधून गर्भाशयातल्या एका जिवाणूचा संबंधही सुचवला गेला. तो इतरत्र पडताळून पाहणे बाकी आहे.

४२ जागा शोधणाऱ्या त्या अभ्यासातल्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या, त्यांत भारतीय नव्हत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत परळला असलेल्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या रुग्णालयांमध्ये अभ्यास हाती घेण्यात आला आहे. वेदना कधी सुरू झाली, शस्त्रक्रियेत काय दिसले, याच्या नोंदींबरोबर रक्त आणि ऊतींचे नमुनेही त्यात घेतले जातात.